मॉनिटर जरा डावीकडे

सोमवार, ५ फेब्रुवारी

वाचाबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. त्यांच्या पदाचं खरं नाव लांबलचक आहे. वाचा परत आणायला येतात म्हणून लेक त्यांना वाचाबाई म्हणते, आणि आता मीही म्हणते. ‘ते दिवसभरात काय काय बोलतात ते रोज लिहा, ताई. शब्द, आणि कशावरून बोलले ते.’

आजचे शब्द : अर्धं.

कशावरून : चहा दिला तेव्हा. खिडकीचा पडदा सरकवला तेव्हा. लेक कॉलेजातून आली तेव्हा. लघवीचं भांडं दिलं तेव्हा.

कालही हेच. मेंदूचा झटका आल्यापासून नवऱ्याकडे हा एकच शब्द राहिला आहे. पुरात घर वाहून जावं आणि एखादी पळी मागे राहावी, तसा. माझं काम रोज एका ओळीत संपतं आणि पान रिकामं राहतं. उरलेल्या जागेत काहीबाही लिहिते आहे.

वाचाबाई म्हणतात, या शब्दाचा अर्थ शोधू नका. मेंदूत एखादा शब्द अडकून बसतो, तोंड उघडलं की तोच बाहेर येतो. घरात मात्र प्रत्येकजण अर्थ लावतो. मी चहा अर्धा कप देऊ लागले आहे. लेक दिवे अर्धे मालवते.

आज त्यांनी डिस्क दिल्या. पडद्यावर चार चित्रं येतात, एक आवाज शब्द बोलतो, ऐकून त्या शब्दाचं चित्र निवडायचं. रोज सकाळ-संध्याकाळ. घरचा कॉम्प्युटर जुना आहे. त्याच्या डिस्क ड्राइव्हचा कप्पा उघडत नाही, लेक टाचणी खुपसून उघडते, आणि मग तो मिटत नाही. मॉनिटर म्हणजे नुसता डबा. कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि मधूनच चित्र थरथरतं. ‘दोन्ही नवीन घ्या आणि लवकर घ्या,’ वाचाबाई म्हणाल्या. ‘सुरुवातीचे महिने सोन्याचे असतात. ते गेले की पुढे जिथे आहे तिथेच राहतं.’

ऐकून भीती वाटायला हवी होती. मी ‘बरं’ म्हटलं आणि त्यांचा कप उचलला.

बुधवार, ७ फेब्रुवारी

शब्द : अर्धं.

वन्सं आल्या होत्या. ही त्याची थोरली बहीण. तो सहा फुटांचा आहे, पण त्या अजून त्याला बारक्या म्हणतात.

पलंग बाहेरच्या खोलीत मधोमध ठेवला आहे. त्याच्या उजव्या बाजूला माझं स्टूल आणि औषधांचं टेबल. त्याचं उजवं अंग गेलं आहे, त्यामुळे करायचं ते सगळं त्याच बाजूला असतं. हात चोळायचा, बोटं उघडायची, खांद्याखाली उशी सारायची. डावीकडे खिडकी आणि आल्यागेल्याची खुर्ची. वन्सं त्या खुर्चीत बसतात.

‘काय रे बारक्या, ओळखलंस का मला?’

‘अर्धं.’

‘अर्धंच? अख्खं ओळखायला काय घेशील?’

तो हसला. तोंडाचा डावा कोपरा वर जातो, तेवढंच. पण हसला.

‘बघ गं,’ वन्सं मला म्हणाल्या, ‘नवरा अर्ध्या वचनात राहावा म्हणून बायका जन्मभर धडपडतात. तुझा एका झटक्यात आला.’ मग आवाज खाली आणून, ‘नाहीतर तुलाच हाक मारत असेल. अर्धांगिनीला.’

विनोद म्हणून बरा होता. मी हसले की नाही ते आठवत नाही.

हाक मला नसावी. मी बोलले की तो खिडकीकडे बघतो. समोरून चालले की बघतो, आणि शेजारी येऊन बसले की नजर काढून घेतो. वन्सं आल्या की चेहरा उजळतो. बहीण ती बहीण.

जेवताना आज पुन्हा भाजी टाकली. ताटात उजवीकडे वाढलं होतं ते तसंच, डावीकडचं चाटूनपुसून. मी म्हटलं, भाजी नको झाली असेल, उद्यापासून करत नाही. वन्संनी ताट उचललं, बोलता बोलता फिरवलं आणि पुढ्यात ठेवलं. त्याने भाजी खाल्ली.

म्हणजे भाजी नकोशी नाही. माझ्या हातचं नको आहे. तसं लिहून बघितलं. लिहून झाल्यावरही काही वाटलं नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

शब्द : अर्धं.

लेकीला घेऊन दुकानात गेले. भिंतभर मॉनिटर मांडलेले आणि सगळ्यांवर एकच मासा. केशरी. डावीकडून यायचा, उजवीकडे निघून जायचा, परत डावीकडून. सगळे मासे एकदमच वळायचे. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. लेकीने कोपर ढोसलं तेव्हा दुकानदार माझ्याशी बोलत होता.

‘कशासाठी हवाय, मॅडम? गेम, सिनेमे, की ऑफिसचं काम?’

लेक म्हणाली, ‘बाबांसाठी. त्यांना बोलायला शिकायचंय.’

त्याने हळहळ दाखवली नाही, हे मला आवडलं. ‘मग आवाज स्वच्छ हवा,’ एवढंच म्हणाला आणि दोन मॉनिटर पुढे ओढले. एक चौकोनी, एक रुंद.

‘चौकोनी चांगला आहे, पण ते मागील पानावरून पुढे. रुंद घ्या. यापुढे सगळं रुंदच येणार.’

लेकीला रुंद हवा होता. मला काहीच हवं नव्हतं, म्हणून वन्संना फोन लावला.

‘एवढा लांबरुंद कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘बारक्याला काय नाटक दाखवायचंय?’

लेकीने माझ्या हातातून फोन घेतला. ‘आत्या, मोठी चित्रं असली की बाबांना सोपं जाईल ना.’

रुंद ठरला.

डिस्क ड्राइव्हचं मात्र मी ठरवलं. एक कॉम्प्युटरच्या आत बसणारा, एक बाहेर ठेवायचा, पातळ पुस्तकासारखा. ‘आतला बसवला की काम संपलं,’ दुकानदार म्हणाला. ‘बाहेरच्याची वायर लोंबते. पण तो हवा तिथे ठेवता येतो. इकडे, तिकडे, मांडीवर.’

‘बाहेरचा द्या.’

‘का गं?’ लेकीने नंतर विचारलं. कारण काही नव्हतं. ‘हवा तिथे’ हे ऐकायला बरं वाटलं होतं.

रविवार, ११ फेब्रुवारी

शब्द : अर्धं.

लेकीने सकाळी सगळं जोडलं. पलंगावर आडवं येणारं चाकांचं टेबल आहे, त्यावर मॉनिटर ठेवला. थोडा तिरपा, थोडा एका बाजूला, जमेल तसा. मी तिला बाजूला केलं आणि त्याची स्टीलची पट्टी काढली.

त्याचं चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान आहे. होतं, असं लिहायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. शटर बंद आहे, किल्ली खिळ्याला आहे. तो म्हणायचा, आधी मध्य काढा. मध्य चुकला की चित्र कितीही चांगलं असो, सगळी भिंत वाकडी दिसते. कुणाकडे चहाला गेलो की यजमानीण आत वळायची आणि हा उठून भिंतीवरचे फोटो एका बोटाने सरळ करायचा. मी डोळे वटारायचे. तो म्हणायचा, ‘बघवत नाही गं.’

म्हणून पट्टीने मध्य काढला. मॉनिटर त्याच्या नाकासमोर, कडा टेबलाच्या कडेला समांतर. डिस्क ड्राइव्ह उजवीकडे, कारण तिथे मी बसते आणि डिस्क मलाच घालायची आहे. त्याला बरं वाटावं असं सगळं केलं.

त्याने मॉनिटरकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘अर्धं.’

लेकीचा चेहरा पडला. ‘याहून मोठा हवा होता का, बाबा?’

पहिला पाठ. चावी, पेला, चप्पल, घड्याळ. माऊस डाव्या हातात दिला. ‘चावी’ म्हणाला तो आवाज, चावी बरोबर आली. ‘चप्पल’ बरोबर. ‘पेला’ म्हटल्यावर त्याने पुन्हा चावीच दाबली. ‘घड्याळ’ म्हटल्यावर बराच वेळ शोधत राहिला आणि चप्पल दाबली.

मी म्हटलं, अर्धं तरी जमलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

शब्द : तोच.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाठ. कधी निम्मे बरोबर, कधी त्याहून कमी. डिस्क त्याच्याच हातात द्या, वाचाबाईंनी सुचवलं होतं, आपण करतोय असं त्यांना वाटू द्या. आज दिली. तो ती चकती डाव्या हातात धरून बसून राहिला. ड्राइव्हचा कप्पा मी उघडून ठेवला होता, माझ्या बाजूला, हाताच्या अंतरावर. ‘घाल ना,’ मी म्हटलं. तो खिडकीकडे बघू लागला. चकतीत ऊन पडून भिंतीवर रंग हलत होते.

दाढी आता स्वतः करतो, डाव्या हाताने. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर खुंट तसेच. हात पोचत नसेल. मी राहिलेली केली. लहान मुलासारखा गाल पुढे करत नाही, पण मागेही घेत नाही. गालाला कळतच नसावं कुणी आलं आहे ते.

व्यायामवाले येतात तेव्हा काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत चालतो. उजवा खांदा दाराच्या चौकटीला घासतो, रोज त्याच जागी. चौकटीचा रंग गेला तिथला. आम्ही सगळे म्हणतो, बघून चाल.

सोमवार, १९ फेब्रुवारी

शब्द : तोच.

वाचाबाई शेजारी बसून पाठ बघत होत्या. मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्या एरवी भराभर बोलतात, आज सावकाश.

‘ताई, त्यांना कळतंय की नाही हेच मला कळत नाहीये. निम्मे बरोबर येतात, निम्मे अंदाजाने ठोकल्यासारखे. नाहीतर मन लावत नाहीत.’

‘मन लावणारा माणूस आहे तो.’

‘असेल. पण पडद्याकडे पाठ फिरवल्यासारखे बसतात. तुमच्याशी काही… म्हणजे घरात काही ताणतणाव?’

‘नाही.’

‘मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बघू. काही फरक दिसला नाही तर मला ही वेळ दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. रांग लागलेली असते हो. वाईट वाटून घेऊ नका.’

वाईट वाटून घेतलं नाही. गॅस पुसला. वाचा परत आली नाही तर तो माझ्याकडे तोंड फिरवून जन्मभर एकच शब्द म्हणत राहील, आणि मी त्याला अर्धा कप चहा देत राहीन. हे वाक्य मनात आलं आणि ते दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं वाटलं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

शब्द : तोच. पाठाच्या वेळी पुष्कळदा.

आता नवीनच. पाठ सुरू झाला की तो डाव्या हाताने मॉनिटरची कड धरतो आणि बाजूला सारतो. खिडकीच्या बाजूला. मी पुन्हा मध्यावर आणते. तो पुन्हा सारतो. चिडत नाही, आदळत नाही, चौकट सरळ करताना करायचा तसं हळूच. मी पट्टी जवळच ठेवली आहे.

वन्संनी बराच वेळ पाहिलं. ‘तो नको म्हणतोय तर तू कशाला हात धुऊन मागे लागतेस?’

‘सुरुवातीचे महिने सोन्याचे असतात.’

‘अगं, पण माणूस आहे तो. तू जरा बस बघू. उठल्यापासून बूड टेकलं नाहीस.’

मी म्हटलं, बसलेलीच असते की दिवसभर, त्याच्या उशाशी. वन्संनी हात झटकले.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

शब्द लिहिला नाही.

लेकीशी वाजलं. तिने विचारलं, मॉनिटर परत करून चौकोनी आणू या का, आपण चुकीचा घेतला. मी म्हटलं, मॉनिटरचा काय दोष, त्याला शिकायचंच नाही.

‘त्यांना शिकायचं नाही, की तुझ्याकडून शिकायचं नाही?’

‘मग तू शिकव.’

‘तसं नाही गं आई. तू पोलिसासारखी तिथे बसलेली असतेस. सरळ कर, मध्ये ठेव. पट्टी घेऊन.’

ती रडली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी बघत होते, रडताना तिचं नाक त्याच्यासारखं लाल होतं हे. मग ती आपणहून आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, ‘तुला काहीच कसं होत नाही?’

होत असेल. कुठे होतं ते सापडत नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

मी शाळेच्या कार्यालयात काम करते. आज बऱ्याच दिवसांनी पूर्ण दिवस गेले, एरवी अर्धी रजा टाकते. मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘कसे आहेत मिस्टर?’

‘अर्धे,’ मी म्हणाले.

ते थांबले. मीही थांबले. मग म्हटलं, ‘बरे आहेत, अर्धेअधिक,’ आणि ते मान हलवत गेले. शिक्का मारायची कामं होती ती केली. दुपारी आरशात पाहिलं तर शाईचा एक ठिपका गालावर होता, सकाळपासून असेल. कुणी सांगितला नाही. माझ्याकडेही कुणी नीट बघत नाही, असं मनात आलं आणि मग हसूच आलं. नीट हसू नाही. एका कोपऱ्याने.

घरी शब्द : अर्धं. मला, की दाराला, की माझ्या पिशवीला, कळलं नाही.

गुरुवार, १ मार्च

आजचं क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच नंतर खोटं वाटेल.

संध्याकाळी पाठाची वेळ झाली. त्याने मॉनिटर बाजूला ओढला. मी पट्टी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. कंटाळा आला होता, इतकंच. सरळ करायला हात उठेना. मी आत जाऊन डाळ धुवायला घेतली. लेक म्हणाली, ‘मी बसते.’ ती पलीकडून फिरून वन्संच्या खुर्चीत बसली.

आतून आवाज ऐकू येत होता. ‘कात्री.’ टिंग. बरोबर आलं की टिंग वाजतं. ‘छत्री.’ टिंग. ‘उशी.’ टिंग. ‘कुलूप.’ टिंग.

मी नळ बंद केला.

पुढची चार चित्रं. टिंग, टिंग, टिंग, टिंग.

‘आई,’ लेक म्हणाली. ओरडली नाही, पण अशा आवाजात म्हणाली की मी ओल्या हातांनी बाहेर आले. मॉनिटर टेबलाच्या पार डाव्या टोकाला होता, अर्धा बाहेर लटकल्यासारखा. मी सवयीने हात पुढे केला.

‘सरळ करू नकोस.’

तिने पाठ बंद केला. पडद्यावर नुसता निळा रंग आणि माऊसचा बाण. मग मॉनिटर ढकलून तिने त्याच्या नाकासमोर आणला, मी ठेवते तसा. ‘बाबा, बाणाकडे बघा हं.’ तिने बाण डाव्या कडेपासून हळूहळू सरकवायला सुरुवात केली. त्याचे डोळे बाणाबरोबर येऊ लागले. मान स्थिर, फक्त डोळे. मधोमध आला. बाण पुढे गेला. डोळे तिथेच थांबले.

बाण उजव्या कडेला जाऊन उभा होता. तो मध्यावर बघत होता, जिथे बाण शेवटचा होता तिथे. मग परत डावीकडे गेला शोधायला.

‘अर्धं,’ तो म्हणाला.

लेकीने पुन्हा केलं. पुन्हा मध्यावर थांबला. मला दुकानातला तो केशरी मासा आठवला. त्याचा मासा मध्यावरच नाहीसा झाला असता.

‘अर्धं,’ तो पुन्हा म्हणाला. या वेळी लेकीकडे बघून.

‘हो बाबा,’ ती म्हणाली. ‘अर्धं. कळलं.’

डाळ तशीच पाण्यात राहिली होती. नंतर शिजवली.

शनिवार, ३ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी बोटं नाचवली, दिवे लावले, इकडे-तिकडे बघायला सांगितलं, पुन्हा सांगितलं. डोळे चांगले आहेत. मेंदूतल्या ज्या इजेने बोलणं नेलं तिनेच उजवीकडचं बघणंही नेलं. दोन्ही डोळ्यांचं, उजव्या बाजूचं.

‘त्या बाजूला त्यांना काळोख दिसतो का?’ मी विचारलं.

‘काळोख दिसला असता तर त्यांना कळलं असतं की काहीतरी दिसत नाहीये. तसं नाही. तुम्हाला तुमच्या पाठीमागचं कसं दिसतं? काळं दिसतं का?’

मी विचार केला. पाठीमागचं काळं दिसत नाही. ते नसतंच.

‘तशी ती बाजू त्यांच्यासाठी नसतेच. तिकडून आवाज आला तरी ते इकडे शोधतात. वळून बघायची सवय लावावी लागेल. लागते, हळूहळू.’

वाचाबाईंना फोन केला. ‘हे आधीच तपासायला हवं होतं, ताई. त्यांना सांगता येत नव्हतं, आणि आम्ही…’ वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाल्या, ‘सोमवारी येते. वेळ कुणाला देत नाही.’

‘आणि तो शब्द?’ मी विचारलं. ‘पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता का?’

‘योगायोग असेल. असे शब्द अर्थाने राहत नाहीत, कुठलाही राहतो.’ थोडं थांबून, ‘पण मला नक्की सांगता येणार नाही.’

वन्सं रात्रीच्या जेवणाला थांबल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, ‘शहाणी माणसं आपण सगळी. बारक्या बिचारा एका शब्दात कथा सांगत होता आणि आपण चहा कमी करत होतो.’ मग पदराने डोळे पुसून त्याला पूर्ण कप दिला. तो सगळा प्यायला.

मंगळवार, ६ मार्च

रजा घेतली. अख्खी.

सकाळपासून सामान हलवते आहे. चाकांचं टेबल डावीकडे घेतलं. मॉनिटर त्याच्या डाव्या खांद्यासमोर, थोडा तिरपा, मध्य सोडून. मध्य चुकवताना हात अवघडला. पट्टी मी दुकानाच्या किल्लीशेजारी खिळ्याला अडकवली. आरसा खिडकीकडे टांगला. ताट कसं फिरवायचं ते लेकीला दाखवलं. दाराच्या चौकटीला लाल पट्टी चिकटवली, व्यायामवाल्यांनी सांगितली होती, तिच्याकडे मान वळवून बघायचं आणि मग पाऊल टाकायचं.

डिस्क ड्राइव्ह त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि डिस्क हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, काच बसवण्याआधी बघायचा तशी, उजेडात तिरपी धरून. कप्प्यात ठेवली. बोटाने कप्पा आत ढकलला. चकती फिरल्याचा आवाज आला तसा तो ऐकत राहिला.

औषधांचं टेबल पलीकडे नेलं. उशा, पाण्याचं भांडं, घंटा. सगळं हलवून झालं आणि उजवीकडे नुसतं माझं स्टूल उरलं. एकटंच, भिंतीकडे पाठ करून. मी त्या स्टुलाकडे बघत उभी राहिले. हे इथे काय करत होतं इतके दिवस, असं वाटलं.

मग ते उचललं, पलंगाला वळसा घातला, आणि खिडकीकडे, वन्संच्या खुर्चीशेजारी ठेवून त्यावर बसले.

पाठ सुरू होता. तो आवाज ‘शिडी’ म्हणाला. त्याने माऊस हलवला नाही. तो माझ्याकडे बघत होता. एकदा बघून सोडून द्यावं तसं नाही. केस, कपाळ, गळा, हात, पुन्हा तोंड. आवाज परत ‘शिडी’ म्हणाला. त्याची नजर हलली नाही. कुणी पुष्कळ दिवसांनी गावाहून आलं की आधी वाळलीस का, केस कधी कापलेस, असं बघतात तसा बघत होता. मला कुठे हात ठेवावेत ते कळेना.

त्याने माऊस सोडला आणि डाव्या हाताने पलंगाची कड थापटली.

‘बस,’ म्हणाला.

बस म्हणजे पुरे, असंही असेल. पाठ पुरे, मॉनिटर पुरे. वाचाबाई म्हणतील अर्थ शोधू नका. पण तो थापटत राहिला, आणि थापटायची ती जागा माझ्या गुडघ्यापासून वीतभरावर होती.

स्टुलावरून उठले आणि तिथे बसले.

‘बसलेय,’ मी म्हटलं. ‘केव्हाची.’

नाक वाहायला लागलं होतं, आणि रुमाल पलीकडे राहिला होता, त्या बाजूला. तिसऱ्यांदा ‘शिडी’ म्हणून कॉम्प्युटर थांबला. लेक दारात येऊन परत गेली.

आजचे शब्द : अर्धं. बस.

कशावरून : मला बघून.